पॉझिटिव्ह आहात आणि दिवस गेलेत? गोळी, माहेर, बाळगुटी आणि अठरा महिन्यांचा हिशोब

"मॅडम, पाडावं लागंल का?" रिपोर्ट ऐकल्यावर बहुतेक बायांचा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तर आधीच देऊन टाकते: नाही. एचआयव्ही आहे एवढ्याच कारणाने मूल पाडावं लागत नाही. ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं, सासूने, नवऱ्याने किंवा गावातल्या डॉक्टरने नाही.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन-तपासणी केंद्राची, समुपदेशक आहे. तपासणीआधी आणि तपासणीनंतर बोलणं हे माझं काम, पण खरं बोलणं त्यानंतरची दोन वर्षं चालतं. हे लिहितेय ते नुकतंच कळलेल्या बाईसाठी, आणि आधीपासून गोळ्या घेत असलेल्या व आता मूल हवं असलेल्या बाईसाठी.

आकडे डोक्यात पक्के ठेवा. काहीच उपचार घेतले नाहीत तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना आईकडून लागण होते, काहींना पोटात, बऱ्याच जणांना बाळंतपणाच्या वेळी, उरलेल्यांना दुधातून. म्हणजे काहीच केलं नाही तरी निम्म्याहून जास्त बाळं निगेटिव्हच जन्मतात. आई नीट गोळ्या घेत असेल तर हा आकडा पाचाच्या खाली येतो. आणि विषाणू पूर्ण दबलेला असताना दिवस राहिले व गोळी पुढेही चालू राहिली, तर शंभरात एखादं.

गोळी गिळणं अवघड नाही. बाया अडकतात ते माहेरी गेल्यावर, सव्वा महिन्यात, बाळगुटीत आणि उसाच्या फडावर. म्हणून खाली औषधापेक्षा घराबद्दलच जास्त लिहिलंय.

गोळी कधी आणि कशाबरोबर

उपकेंद्रात सिस्टरने बोट टोचून केलेली तपासणी रिअॅक्टिव्ह आली, म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. आयसीटीसीत तीन वेगवेगळ्या किटवर खात्री होते. ती झाली की एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, नाव घाला, आणि जमलं तर त्याच आठवड्यात गोळी सुरू करा. सीडी-फोरचा (रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशींचा) रिपोर्ट यायची वाट बघत बसायचं नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला असं नव्हतं. सीडी-फोर ठरावीक आकड्याखाली गेल्याशिवाय एआरटी मिळायची नाही, आणि बाकीच्या गरोदर बायांना कळा सुरू झाल्यावर नेव्हिरॅपिनची एकच गोळी द्यायचो. 1 जानेवारी 2014 पासून देशभर नियम बदलला. आता प्रत्येक गरोदर पॉझिटिव्ह बाईला लगेच आणि कायमची एआरटी मिळते, सरकारी सेंटरला मोफत.

सध्या बहुतेकींना टीएलडी मिळते: टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्यूटेग्राव्हिर, तिन्ही मिळून दिवसाला एक गोळी. व्हॉट्सअॅपवर फिरतं की या गोळीने बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष राहतो. त्या गोष्टीचं मूळ खरं आहे. 2018 मध्ये बोट्स्वानातल्या एका मोठ्या अभ्यासातून तसा इशारा आला होता. पण त्याच अभ्यासात पुढे आणखी हजारो बाळंतपणांची नोंद झाली, तेव्हा दुसरी औषधं घेणाऱ्या बायांपेक्षा फरक उरला नाही. उलट या गोळीने विषाणू लवकर दबतो. भारतासह नऊ देशांत झालेल्या एका चाचणीत ही गोळी घेणाऱ्या 98 टक्के बायांचा विषाणू बाळंतपणापर्यंत दबलेला होता, एफाव्हिरेन्झ या जुन्या औषधावर 91 टक्क्यांचा. सातव्या-आठव्या महिन्यात कळलं तर हा वेग फार कामाचा ठरतो.

आता वेळापत्रक. गरोदरपणात लोहाची लाल गोळी आणि कॅल्शियम चालू असतं. रिकाम्या पोटी टीएलडी आणि लोह किंवा कॅल्शियम एकत्र घेतलं, तर डोल्यूटेग्राव्हिर अंगी नीट लागत नाही. नियम असा: टीएलडी या गोळ्यांच्या आधी दोन तास किंवा नंतर सहा तासांनी. मी सुचवते ते साधं आहे. पहाटे उठल्यावर सहाला टीएलडी, न्याहारीनंतर साडेआठच्या पुढे कॅल्शियम, दुपारच्या जेवणानंतर लोह, रात्रीच्या जेवणाबरोबर दुसरं कॅल्शियम. पहिल्या तीन महिन्यांत सकाळी मळमळत असेल तर दुसरा मार्ग आहे: भरल्या पोटी, जेवतानाच टीएलडी घ्या. जेवणासोबत असेल तर लोह किंवा कॅल्शियमच्या जोडीने चालते. पित्तावरचं ते पांढरं-गुलाबी पातळ औषध मात्र जेवणासोबतही चालत नाही, त्यात दोन-सहा तासांचं अंतर ठेवायचंच. गोळीपाठोपाठ उलटी होऊन गोळी बाहेर पडली तर दुसरी घ्या, आणि त्या महिन्यात एक कमी पडेल हे सेंटरला सांगा.

लेबल खरवडून काढायचं असेल तर काढा, पण गोळ्या त्याच डबीत राहू द्या. कागदाच्या पुडीत ओल लागते. एक्सपायरीची तारीख झाकणावर पेनाने लिहून ठेवा.

पोट वाढतं तसं काय बघायचं

पॉझिटिव्ह बायांमध्ये दिवस भरायच्या आधी बाळंतपण आणि कमी वजनाचं बाळ या दोन गोष्टी इतरांपेक्षा जास्त दिसतात. उपचार नसले तर फारच. पोटात बाळ दगावण्याचा धोकाही वाढतो. गोळी चालू असली की धोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही, म्हणून "रिपोर्ट चांगलाय, आता कशाला दवाखान्यात" असं म्हणून चालत नाही. हिमोग्लोबिन, बीपी, वजन आणि सोनोग्राफी सगळ्यांसारखंच, फक्त एकही खेप चुकवू नका. कावीळ-बी आणि सिफिलिस तपासलंय ना, हे माता-बाल कार्डावर बघा. सिफिलिस राहून गेला तर तोही बाळाला जातो, आणि त्याचं इंजेक्शन स्वस्त आणि साधं आहे.

टीबीकडे विशेष लक्ष. खोकला, ताप, रात्री घाम आणि महिने भरत असूनही वजन न वाढणं, यातलं एकही असलं तरी सांगा. पुण्यातल्या बायांवरच्या अभ्यासातून दिसलंय की टीबी असला तर आई आणि बाळ दोघांच्याही मृत्यूचा धोका वाढतो, आणि बाळाला लागणही जास्त होते. टीबीचं औषध चालू झालं तर डोल्यूटेग्राव्हिरचा आणखी एक डोस बारा तासांनी लागतो, तो डॉक्टरांना विचारून घ्या. टीबी होऊ नये म्हणून देतात ती आयसोनियाझिड गरोदरपणात सुरू करायची की बाळंतपणानंतर, यावर मात्र डॉक्टरांशी बोला. पुण्यासह आठ देशांतल्या केंद्रांवर झालेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गरोदरपणातच ती सुरू केलेल्या गटात 23.6 टक्के बायांच्या बाबतीत काही ना काही बिघडलं, बाळंतपणानंतर सुरू केलेल्या गटात 17 टक्के. टीबीचा रुग्ण घरातच असेल तर गणित वेगळं होतं. म्हणून स्वतः ठरवू नका.

आणि एक तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा: बत्तीस ते छत्तीस आठवड्यांच्या मधली. त्या वेळी व्हायरल लोड, म्हणजे एक मिली रक्तात किती विषाणू आहेत ती तपासणी, झालीच पाहिजे. हजाराच्या खाली असेल तर बाळ कमी धोक्याचं आणि त्याला लागण टाळायचं एक सिरप. हजार किंवा वर असेल, किंवा तपासणीच झाली नसेल, तर जास्त धोक्याचं धरतात आणि दोन सिरप देतात. सेंटरने आपणहून सांगितलं नाही तर तुम्ही विचारा. गर्दीच्या दिवशी सुटून जातं.

कोणाला सांगायचं

नवऱ्याला सांगणं बहुतेकदा सोयीचं, कारण त्याचीही तपासणी लागते. पण मारहाणीची किंवा घराबाहेर काढण्याची भीती असेल तर आधी समुपदेशकाशी बोला. घाईने सांगून रस्त्यावर आलेल्या बाया मी पाहिल्यात. नवरा निगेटिव्ह निघाला तर निरोध आणि तुमची गोळी, दोन्ही चालू ठेवा. उलट नवरा पॉझिटिव्ह आणि तुम्ही निगेटिव्ह असाल तर एकदा तपासून थांबू नका. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना नव्याने लागण झाली तर त्या काही आठवड्यांत विषाणू प्रचंड असतो, आणि बाळाला जायची शक्यता सगळ्यांत जास्त तेव्हाच.

सासू, जाऊ, नणंद यांना सांगायलाच पाहिजे असं अजिबात नाही. बऱ्याच जणी "थायरॉइडची गोळी आहे" म्हणतात. मी अडवत नाही. फक्त डॉक्टर आणि लेबर रूमच्या सिस्टरला खरं सांगा, आणि आशाताईला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्यानुसार तुमच्या परवानगीशिवाय रिपोर्ट कोणाला सांगता येत नाही आणि त्या कारणावरून दवाखाना तुम्हाला नाकारू शकत नाही. नाकारलंच तर नाकारणाऱ्याचं नाव, वेळ आणि वॉर्ड लिहून ठेवा आणि तुमच्या आयसीटीसीला किंवा 1097 या मोफत क्रमांकावर कळवा. पलंगावर "एचआयव्ही" लिहिलेला कागद लटकवणं हाही त्याच कायद्याचा भंग आहे. एका खासगी दवाखान्यात असा कागद मी स्वतः उतरवायला लावलाय.

माहेर, सव्वा महिना आणि फड

पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा-आठवा लागला की ओटी भरून मुलगी जाते, आणि गोळीची पुढची तारीख सासरच्या गावात राहते. हे सगळ्यांत जास्त वेळा घडतं. जायच्या आधी सेंटरला तीन गोष्टी विचारा: दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का, माहेराजवळ कुठलं एआरटी सेंटर किंवा त्याला जोडलेलं छोटं लिंक एआरटी सेंटर आहे, आणि तिथे दाखवायचा कागद कोण देणार. व्हायरल लोड जाण्याआधी करायचा की तिकडे, हेही तेव्हाच ठरवून घ्या. माहेरी कोणाला माहीत नसेल तर गोळ्या कपाटात ठेवू नका, कपाट आईच आवरते. माझ्याकडच्या एकीने त्या बाळाच्या लंगोटांच्या पिशवीत ठेवल्या होत्या. बाळ येईपर्यंत ती पिशवी कोणी उघडत नाही.

सव्वा महिना बाळंतीण उंबरा ओलांडत नाही. नेमक्या त्याच दिवसांत डबी संपते. म्हणून आठव्या महिन्यातच मोजा: बाळंतपणाच्या अंदाजे तारखेपासून पुढे दोन महिने पुरतील इतक्या गोळ्या घरात आहेत का? नसतील तर नवऱ्याला किंवा ज्या एका माणसाला माहीत आहे त्याला सेंटरला घेऊन या, म्हणजे तो परस्पर आणू शकेल. "बाळंतिणीला औषधं देऊ नका, दूध उष्ण होतं" हे कोणीतरी म्हणणारच. बाळंतपणाआधी गोळी न चुकवलेल्या कित्येक जणी बाळंतपणानंतर ढिल्या पडतात, आणि दूध पाजणं तेव्हाच चालू असतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या बायांसाठी आणखी थोडं. कोयता दिवाळीच्या आसपास निघतो तो मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. कारखान्याचं आणि तालुक्याचं नाव मुकादमाकडून काढून आम्हाला द्या, म्हणजे तिथलं सेंटर आधीच फोन करून सांगता येतं. पालावर गोळीची वेळ पहाटे फडावर निघायच्या आधीची ठेवा, कारण परतायची वेळ कधीच ठरलेली नसते. आणि बाळंतपण फडावर, कोपीत होऊ देऊ नका. नववा लागला की कोयत्याची जोडी तुटली तरी चालेल. उचल फिटायची राहते म्हणून बाया थांबतात, हे मला कळतं. तरीही सांगते.

बाळंतपणाच्या दिवशी

नॉर्मल बाळंतपण चालतं. फक्त एचआयव्ही आहे म्हणून सिझर करायची आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पद्धत नाही. इतर कारणाने लागलं तर होईल. पिशवीत टीएलडीची डबी, उपचार पुस्तिका आणि व्हायरल लोडचा कागद ठेवा. कळा सुरू असल्या तरी त्या दिवशीची गोळी घ्यायची. गरज नसताना पाण्याची पिशवी फोडू नये, टाका पडेल असा छेद किंवा चिमट्याने बाळ ओढणं टाळावं, हे सिस्टरला माहीत असतं. तरी सोबत येणाऱ्या माणसाने एकदा आठवण केली तर बिघडत नाही. बाळाला पहिल्या काही तासांतच सिरप मिळालं पाहिजे, आणि घरी न्यायची बाटली हातात आल्याशिवाय डिस्चार्ज घेऊ नका.

कळा देतानाच पहिल्यांदा पॉझिटिव्ह कळलं तरी उशीर झालेला नसतो. गोळी त्याच क्षणी सुरू होते आणि बाळाला दोन सिरप.

दूध, मध आणि गुटी

पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. पाणी नाही, मध नाही, साखरपाणी नाही, बाळगुटी नाही. वरचं दूध, मध किंवा गुटी यांनी बाळाच्या कोवळ्या आतड्याला इजा होते आणि दुधातल्या विषाणूला वाट मिळते, म्हणून फक्त अंगावर किंवा फक्त वरचं, यातलं एकच. वरचं परवडणारं, उकळलेलं पाणी आणि स्वच्छ वाटी-चमचा रोज जमणारं घर असेल तर तोही पर्याय आहे. पण आमच्या भागात पावडरीच्या डब्याने जुलाब होऊन दगावणाऱ्या बाळांची भीती मला जास्त वाटते. गोळी घेणाऱ्या आईचं दूध चांगलं. भारतातल्या आयाही ज्यात होत्या अशा मोठ्या अभ्यासात, विषाणू दबलेल्या मातांच्या दुधातून वर्षभरात शंभरात एकापेक्षा कमी बाळांना लागण झाली.

घरात हे पाळणं कठीण आहे. पाचवीला आजी सहाण-उगाळणं घेऊन बसते, तिला कारण सांगता येत नाही. "डॉक्टरांनी सहा महिने काहीच द्यायचं नाही म्हणून कार्डावर लिहिलंय" हे सगळ्यांत चालणारं वाक्य, आणि ते खोटंही नाही, प्रत्येक बाळाला हाच सल्ला असतो. आशाताईकडून आजीसमोर एकदा म्हणवून घ्या. सुनेचं न ऐकणारी आजी आशाताईचं ऐकते. एवढं करूनही कोणी बोटाने मध चाटवलाच तर घाबरून अंगावरचं दूध तोडू नका. गोळी चालू ठेवा आणि पुन्हा फक्त अंगावर.

बोंडाला चिरा, स्तनात गाठ येऊन ताप, बाळाच्या तोंडात पांढरे चट्टे, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दाखवा. तोवर दुखऱ्या बाजूचं दूध पिळून टाकून द्या आणि दुसऱ्या बाजूने पाजा. सहा महिन्यांनी उष्टावण करा, आणि अंगावर निदान वर्षभर पाजा. थांबवताना महिनाभर हळूहळू कमी करत जा, एकदम नाही.

सिरप, टाच आणि शेवटचा रिपोर्ट

बाळाच्या सिरपचा, म्हणजे नेव्हिरॅपिनचा, डोस वजनावर ठरतो. अडीच किलोच्या वरच्या बाळाला सुरुवातीला दिवसातून एकदा दीड मिली. सिरिंजवरची खूण सिस्टरकडून पेनाने करून घ्या. साधारणपणे सहा आठवडे चालतं, जास्त धोक्याच्या आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला बारा. बाळ गुटगुटीत दिसतंय म्हणून मधेच थांबवू नका.

दीड महिन्याच्या लसीच्या दिवशीच बाळाची टाच टोचून कागदावर रक्ताचे थेंब घेतात, त्याला आम्ही डीबीएस म्हणतो. एकाच खेपेत दोन्ही होतात, म्हणून लसीला जाताना आयसीटीसीत आधी फोन करा. त्याच दिवशी कोट्रायमोक्सॅझोल हे इतर जंतुसंसर्ग टाळायचं औषध सुरू होतं. पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने आणि दूध तोडल्यावर सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. अठराव्या महिन्यात शेवटची, तीन किटवरची. बाकीच्या सगळ्या लसी इतर मुलांसारख्याच.

मधल्या काळात खासगी लॅबमध्ये साधी कार्ड टेस्ट करून आणू नका. आईची प्रतिद्रव्यं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात, त्यामुळे तीन महिन्यांच्या निगेटिव्ह बाळाचीही ती टेस्ट पॉझिटिव्ह येते. असा कागद घेऊन रडत आलेली घरं दरवर्षी असतात. आणि डीबीएस खरंच पॉझिटिव्ह आला तर त्याच आठवड्यात बाळाची एआरटी सुरू करायची. लहानपणी लवकर सुरू झालेल्या औषधावर मुलं शाळेत जातात, खेळतात.

अठराव्या महिन्याचा निगेटिव्ह रिपोर्ट आला की त्याची प्रत मागून घ्या आणि फाइलमध्ये ठेवा. अंगणवाडीत किंवा शाळेत द्यायची नाही, कोणी मागायचीही नाही. दुसरं मूल हवं असेल तर आधी व्हायरल लोड बघून ठरवू. नको असेल तर तांबी बसवता येते, निरोधाबरोबर. बाळाचं नाव आमच्या यादीतून निघतं, तुमचं नाही, तेव्हा जाताना पुढच्या डबीची तारीख लिहून घेऊन जा.